माध्यमिक शाळेतील संगीत
(देवस्थानच्या सभामंडपात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



केरीच्या केसरबाई केरकर (1892–1977), कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर (1904–2001) आणि लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर यांच्यापैकी कोणीही शाळेच्या वर्गात गाणे शिकले नव्हते. मग शाळेत संगीत हा विषय हवा कशाला, अशी पृच्छा पालक करतात. तिचे उत्तर देवळाच्या चौकातच सापडते.

गोमंतकात चर्चला जोडलेल्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या स्वरलेखन व व्हायोलिन शिकविले गेले. गरीब घरच्या ख्रिस्ती मुलाच्याही कानावर सुराचा संस्कार झाला. देवळांतही संगीत उदंड होते. पण ते देवसेवेतील कलावंत घराण्यांच्या वाट्याचे. ती घराणी गात, महाजन ऐकत. ऐकणाऱ्यास रसिक म्हणून मान मिळे, गाणारीस समाजात तो मिळत नसे. आणि महाजनाच्या घरच्या मुलीने तानपुऱ्यास हात लावला तर वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडे. विद्या जन्मास बांधली गेली ती अशी, दोन्ही बाजूंनी.

ही गाठ शाळेने सैल केली. 1886 साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी गायनशाळा काढली. 1901 साली लाहोरास पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचे गांधर्व महाविद्यालय निघाले. 1918 साली ग्वाल्हेरीस पं. भातखंडे यांच्या योजनेप्रमाणे माधव संगीत विद्यालय. भातखंडे पेशाने वकील. त्यांनी घराण्याघराण्यांतील चिजा मिळवून स्वरलिपीत बांधल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत छापल्या. हे पुस्तक शिकणाऱ्याचे कुळ विचारीत नाही.

आज केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अभ्यासक्रमात नववीपासून हिंदुस्थानी गायन, स्वरवाद्य आणि तालवाद्य हे विषय आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कला व विज्ञान यांमधील भिंत पाडावी असे म्हटले आहे. घरोघरी मात्र दहावीचे वर्ष आले की पहिला बंद होतो तो तबल्याचा क्लास.

चाळीस मुलांच्या वर्गात गवई घडत नाही, हे खरेच. त्यासाठी गुरूसमोर वर्षानुवर्षे बसावे लागते. परंतु कान घडतो. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच. एकात गंधार वादी, दुसऱ्यात धैवत. तेवढ्याने सायंकाळची सकाळ होते. हा भेद चौदा वर्षांच्या मुलास एकदा गळ्यातून उमगला, म्हणजे तो नियम आणि सौंदर्य यांचे नाते जाणतो. भूमितीचा तास याहून वेगळे काय देतो? भूपाची व्याख्या घोकून गुण मिळविणारा, पण भूप ऐकून न ओळखणारा विद्यार्थी उत्तीर्ण होत असेल, तर दोष परीक्षेचा, विषयाचा नव्हे.

देवस्थानांस येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. सभामंडप दुपारी रिकामा असतो. पेटी, तबला, तानपुरे कोठीत धूळ खात पडण्याऐवजी जवळच्या माध्यमिक शाळेतील मुलांच्या हाती द्यावेत, शिक्षकाच्या मानधनास उत्सवाच्या रोषणाईतील थोडा भाग काढून ठेवावा. आणि सप्ताहात एक प्रहर त्या मुलांस, मग ती कोणत्याही वाड्यावरची असोत, देवापुढे गाण्यास द्यावा.