पुरुषाच्या वेशात शिकलेली एलेनी

हप्त्यांचा हिशेब झाला की आमच्या गटात एखाद्या बाईची गोष्ट निघते. आजची गोष्ट लांबची, ग्रीस देशातली. एलेनी बुकुरा हिची. ग्रीसमधली पहिली रीतसर शिकलेली चित्रकार बाई म्हणून तिचं नाव घेतात.

तिचा जन्म १८२१चा, स्पेत्सेस बेटावरचा. वडील जहाजाचे कप्तान. पुढे अथेन्समधलं नाटकगृहही त्यांचंच झालं. लेकीला चित्रांचा नाद, तर ‘हे काय पोरीचं काम’ असं न म्हणता त्यांनी इटलीहून आलेल्या चेक्कोली नावाच्या चित्रकाराकडे तिची शिकवणी लावली. आम्हाला या बापाचं फार कौतुक वाटतं.

१८४८मध्ये ती इटलीला गेली. पण तिथल्या चित्रशाळेत बायांना प्रवेश नव्हता. माणूस समोर उभा करून त्याचं उघडं अंग काढायला शिकवत, तिथं बाईमाणसानं कसं बसायचं? एलेनीनं पुरुषाचे कपडे घातले आणि वर्गात जाऊन बसली. पोरांच्या रांगेत, धडधडत्या छातीनं बसली असेल! पण शिकली.

तिथंच सावेरिओ अल्तामुरा या चित्रकाराशी लग्न केलं, तीन मुलं झाली. १८५७मध्ये नवरा दुसऱ्या एका चित्रकार बाईबरोबर निघून गेला, धाकट्या मुलालाही घेऊन गेला. उरलेल्या दोघांना घेऊन एलेनी अथेन्सला परतली आणि मुलींना चित्रकला शिकवून घर चालवू लागली. चोरून शिकलेली विद्या अशी पदरात पडली.

लेक सोफिया १८७२मध्ये क्षयानं गेली. मुलगा इओआनिस समुद्राची चित्रं काढायचा; राजाच्या शिष्यवृत्तीवर डेन्मार्कला शिकून आला. १८७८मध्ये तोही क्षयानंच गेला, अवघ्या सव्विसाव्या वर्षी.

एलेनी बेटावर परतली. तिथं तिनं आपली चित्रं जाळून टाकली, असं सांगतात. यावर आमच्या गटात बराच वाद झाला. कुणी म्हणाली, दुःखानं भान हरपलं. कुणी म्हणाली, एवढे कष्ट करून शिकली, मग जाळायची कशाला? आमच्यातली एक वयस्कर बाई मात्र म्हणाली, दाखवायचं ज्यांना तीच राहिली नाहीत.

एलेनी १९००मध्ये वारली. मुलाची समुद्राची चित्रं आज अथेन्सच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात आहेत. तिची स्वतःची फार थोडी उरली.