हात अडतो तेव्हा

बचत गटात नवीन आलेली बाई घरी पाटीवर सही गिरवते. झकास जमते. पण बँकेत साहेबांसमोर कागद आला की बोटं आखडतात आणि सही नमुन्याशी जुळत नाही. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तिरंदाजीतही असंच होतं, आणि आज आम्ही त्याबद्दल बोलणार आहोत. आम्ही तालुक्याच्या मैदानावर मुलींना धनुष्य धरायला शिकवणाऱ्या दोघी. आमच्याकडे मुली येतात, आणि त्यांच्यामागोमाग काळजीत पडलेल्या त्यांच्या आया येतात.

खेळाडू या दुखण्याला ‘टार्गेट पॅनिक’ म्हणतात. मुलगी दोरी ओढून हनुवटीपर्यंत आणते. साइट पिवळ्या गोलाकडे जाते आणि गोलाच्या जरा खालीच अडकते. कितीही जोर लावला तरी वर जात नाही. किंवा उलट होतं. पिवळा रंग दिसला न दिसला तोच बोटं सुटतात आणि बाण भलतीकडे जातो. कालपर्यंत नीट मारणारी पोर आज रडत घरी येते. घरचे म्हणतात, लक्ष नाही हिचं, मोबाइल बघते. कुणी म्हणतं नजर लागली. पोर आळशी झालेली नसते, आणि लिंबू-मिरचीचंही इथे काही काम नाही.

मग होतं काय? रिकर्व्ह धनुष्याने ७० मीटरवरून मारायचं असतं. तिथला कागद १२२ सेंटिमीटरचा, त्यातला दहा गुणांचा गोल १२.२ सेंटिमीटरचा, म्हणजे पुरीएवढा. हजारो बाण मारताना शरीर एक गोष्ट शिकून बसतं: पिवळं दिसलं की सोड. सोडण्याचा निर्णय मुलीच्या हातात राहत नाही, डोळ्याला रंग दिसताच बोटं परस्पर उघडतात. त्यात चुकण्याची भीती मिसळली की साइट गोलावर न्यायलाच हात तयार होत नाही. ही शरीराला लागलेली सवय आहे. रागावून ती जात नाही, नुसते जास्त बाण मारूनही जात नाही. उलट घट्ट होते.

आम्ही पहिली गोष्ट करतो ती म्हणजे कागद काढून टाकतो. फोमचा कोरा ठोकळा, त्याच्यापासून तीन-चार पावलांवर मुलगी उभी. धनुष्य नेहमीपेक्षा हलकं. नेम धरून झाला की डोळे मिटायचे, शेजारी आमच्यातली एक उभी असतेच. आता चुकायला काही उरलं नाही. पाठीचे स्नायू कसे आवळतात, दोरी बोटांतून कशी निसटते, एवढंच जाणवू द्यायचं. हे आठवडेच्या आठवडे चालतं. मुली कंटाळतात, आणि बघणाऱ्यांना तर वाटतं, हा काय पोरखेळ.

मग कागद लावतो, पण बाण सोडायचा नाही. साइट पिवळ्यावर आणायची, पाच अंक मोजायचे, दोरी हळूच परत आणायची. पुन्हा तेच. पिवळं दिसलं तरी सोडावं लागत नाही, हे शरीराला नव्याने शिकवायचं. रिकर्व्हवाल्या मुलींच्या धनुष्यावर क्लिकर नावाची पातळ पट्टी असते. बाण पुरेसा ओढला गेला की ती ‘टिक्’ वाजते. त्या आवाजालाच दचकून सोडायची सवय लागली असेल, तर टिक् वाजल्यावरही न सोडता ओढत राहायचं आणि परत आणायचं. कंपाऊंडवाल्यांना कळ दाबायची घाई असते. त्यांना आम्ही पाठीच्या ताणाने आपोआप सुटणारा रिलीज देतो. तो नेमका कधी सुटेल हे मुलीलाही कळत नाही, म्हणून घाई करायला जागाच उरत नाही.

त्यानंतर जवळून मोठा गोल, मग पाच-पाच पावलं मागे. भीती परतली की पुन्हा पुढे यायचं, त्यात कमीपणा नाही.

आता घरचं. आमच्याकडची एक मुलगी दहावीत होती. तिच्या कंपाऊंड धनुष्यासाठी आईने गटातून कर्ज काढलेलं. चांगल्या कंपाऊंडची किंमत लाखाच्या पुढे जाते, म्हणजे हप्ता काही छोटा नव्हता. खेळाचे वाढीव गुण मिळतील, पुढे नोकरीत खेळाडूंच्या राखीव जागा आहेत, असं रोज जेवताना बोलणं व्हायचं. कुणी वाईट बोलत नव्हतं. पण पोर मैदानावर उभी राहिली की प्रत्येक बाणाला हप्त्याचं ओझं लागायचं. आम्ही तिच्या आईला एवढंच सांगितलं, दोन महिने ‘किती गुण आले’ विचारू नका. ‘आज किती वेळा न सोडता दोरी परत आणलीस’ ते विचारा. आई म्हणाली, “बाई, हे म्हणजे न शिवता मशीन चालवणं झालं.” पण विचारायची रोज. पोरीने त्या हंगामात दोन स्पर्धा सोडल्या. गुण जुन्या ठिकाणी यायला जवळजवळ वर्ष लागलं, आणि जत्रेच्या आठवड्यात मध्येच एकदा हात पुन्हा अडला होता.

सातारची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, अंतिम सामन्यात १५० पैकी १४९ गुण. तेव्हापासून आमच्या मैदानावर मुली वाढल्या, आणि घरच्यांची घाईही वाढली. पण अशा सामन्यात एका बाणाला २० सेकंद मिळतात. तेवढ्यात मनात ‘घरी काय म्हणतील’ आलं तर नेम कधी धरायचा?

मुलीचा हात अडतोय असं वाटलं तर आधी साध्या गोष्टी तपासा. धनुष्य तिच्या ताकदीबाहेर जड आहे का, खांदा दुखतो का, चष्मा लागलाय का. घरी सरावाला रबराचा पट्टा द्या. आणि घरातल्या धाकट्यांना बजावून ठेवा, बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही. धनुष्य तडकतं, तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. गटाच्या बैठकीत कुणाची मुलगी खेळत असेल तर तिच्या आईला हे ऐकवा. पुढच्या वेळी खांद्याच्या व्यायामाबद्दल बोलू.