कडेने धावणारा डी मारिया

वर्ल्ड कपच्या महिन्यात आपल्या कोल्हापुरात पेठापेठांतून मेस्सी आणि नेमारचे कटआउट उभे राहतात. अँजेल डी मारियाचा कटआउट मात्र शोधूनही सापडत नाही. यात पेठांचा काही दोष नाही. विंगरचं कामच तसं आहे. त्यानं साइडलाइनला चिकटून राहायचं, समोरच्या बचावपटूला कडेला ओढायचं आणि मधे जागा मोकळी करून द्यायची. त्या जागेत घुसून गोल मारतो तो भलताच कुणीतरी. त्यामुळे क्लबात नवा तारा आला की आधी गदा येते ती विंगरवर. डी मारियाची फिरस्ती मला या अंगाने पाहायची आहे.

अर्जेंटिनातल्या रोसारियोचा हा पोरगा, जन्म 14 फेब्रुवारी 1988चा. घरात वडिलांचा कोळशाचा धंदा. अंगणातच पोती भरायची, त्यामुळे भिंतींचा पांढरा रंग काळा पडलेला. पोरगं घरात ठरत नाही म्हणून डॉक्टरांनी खेळाला घाला असं सांगितलं आणि आई त्याला सायकलवर घेऊन सरावाला जाऊ लागली. गल्लीतल्या क्लबाकडून रोसारियो सेंट्रलनं त्याला घेतलं, त्या बदल्यात दिले काही फुटबॉल. पुढे ब्रिटिश फुटबॉलमधला तोवरचा सर्वांत महाग सौदा याच माणसाचा झाला.

2007 मध्ये तो लिस्बनच्या बेनफिकाकडे गेला, 2010 मध्ये रिअल माद्रिदकडे. तिथे तीन वर्षं बरी गेली आणि 2013 मध्ये गॅरेथ बेल आला. कडेची जागा गेली. दुसरा कुणी रुसून बसला असता. प्रशिक्षक अँचेलॉटींनी याला मधल्या फळीत आणलं आणि त्याच जागेवर हा करिअरमधला बहुधा सर्वोत्तम हंगाम खेळला. मे 2014 ची चॅम्पियन्स लीगची फायनल आठवा. जादा वेळेत सगळ्यांचे पाय जड झालेले असताना हा डावीकडून बचाव कापत आत घुसला. त्याचा फटका गोलकीपर कोर्तुआनं अडवला, पण उडालेल्या बॉलवर बेलनं हेडर मारला. स्कोअरबोर्डवर नाव लागलं बेलचं. सामनावीर मात्र डी मारियाच ठरला, तेवढी दाद परीक्षकांना द्यायला हवी.

आणि तरीही दोन महिन्यांत क्लब त्याला विकायच्या बेतात होता. ब्राझीलच्या वर्ल्ड कपमध्ये बेल्जियमविरुद्ध त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला. फायनलच्या दिवशी सकाळी तो इंजेक्शन घ्यायला बसलेला असताना रिअल माद्रिदचं पत्र आलं. त्यानं स्वतः लिहिलंय की ते न उघडताच त्यानं फाडून टाकलं. आपल्याला खेळू नको म्हणून सांगताहेत, कारण विकायचा माल शाबूत हवा, हे त्याला उघड दिसत होतं. मग प्रशिक्षक साबेयांपुढे तो रडला. खेळवायचं की नाही ते तुम्हीच ठरवा, म्हणाला. त्यांनी खेळवलं नाही. जर्मनी 1-0 नं जिंकली.

पाच कोटी 97 लाख पौंडांना तो मँचेस्टर युनायटेडला गेला. ते वर्ष फुकट गेलं. प्रशिक्षक व्हान गाल त्याची जागा सारखी बदलत राहिले, घरावर चोर चालून आले. वर्षभरात गाशा गुंडाळून तो पॅरिसला आला आणि तिथे मात्र सात वर्षं रमला. नेमार आला, एमबापे आला, शेवटी मेस्सीही आला, हा होता तिथेच. मग युव्हेंटसमध्ये एक हंगाम, पुन्हा बेनफिका.

क्लबांनी त्याला वापरलं, असं मी सरळच म्हणतो. अर्जेंटिनाच्या मोठ्या फायनल्समध्ये मात्र स्कोअरबोर्डवर त्याचंच नाव लागत गेलं. 2008 चं ऑलिंपिक, 1-0, गोल याचा. 2021 मध्ये कोपा अमेरिकाच्या फायनलला माराकानावर ब्राझीलला हरवलं, 1-0, गोल पुन्हा याचाच.

2022 च्या वर्ल्ड कपच्या फायनलला लुसैलमध्ये प्रशिक्षक स्कालोनींनी त्याला नेहमीच्या उजव्या बाजूऐवजी डावीकडे लावलं. समोर फ्रान्सचा कुंदे, तो मुळात मधला बचावपटू, कडेला नाइलाजाने उभा केलेला. देंबेलेनं डी मारियाला पाडलं, पेनल्टी मिळाली, 23 व्या मिनिटाला मेस्सीनं ती मारली. 36 व्या मिनिटाला मेस्सी, अल्वारेझ, मॅक अ‍ॅलिस्टर असा पास फिरत आला आणि शेवटचा फटका याचा. सामना संपायचा होता, पण हा मैदानातच रडायला लागला. 64 व्या मिनिटाला त्याला बाहेर घेतलं. 80 आणि 81 व्या मिनिटाला एमबापेचे दोन गोल झाले. बदली खेळाडूला दोष द्यायचा नाही. पण डावी कड थंडावल्यावर फ्रान्सचा जीव भांड्यात पडला, हे कुणीही सांगेल. पुढे पेनल्ट्यांवर अर्जेंटिना जिंकली.

2024 मध्ये त्याला रोसारियोला परतायचं होतं. तिथल्या गुन्हेगार टोळ्यांच्या काळात त्याच्या कुटुंबाला धमकीची चिठ्ठी आली आणि बेत रद्द झाला. 2025 मध्ये अखेर तो रोसारियो सेंट्रलकडे परतला. ऑगस्टमध्ये न्यूवेल्सविरुद्ध, म्हणजे गावातल्या हाडवैऱ्यांविरुद्ध, 82 व्या मिनिटाला फ्री किक मिळाली. वय 37. बॉल थेट जाळ्यात गेला आणि सेंट्रल 1-0 नं जिंकलं.