घरच्या संगणकातला चोर
मुलांसाठी हप्त्यावर घेतलेला संगणक रखडू लागला, की दुकानदार सगळे पुसायला सांगतो आणि पैसे मागतो. थांबा. प्रत्येक रखडणे म्हणजे व्हायरस नव्हे. आधी इंटरनेट तोडा. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘डिफेंडर’ फुकट असतो. त्यातली ‘ऑफलाइन’ तपासणी लावा. गाडी निघण्यापूर्वी यार्डात डबे तपासावेत, तशी ती विंडोज सुरू होण्याआधी चालते. एरवी दडून बसणारा व्हायरसही मग सापडू शकतो. मात्र तो निघाला तरी तुमचा बँकेचा पासवर्ड आधीच चोरीला गेलेला असू शकतो. तो दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदला. आणि पैसेच गेले असतील, तर ड्युटी संपण्याची वाट न पाहता १९३० वर फोन करा.