पाठ म्हणणे आणि वाचणे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी शिक्षणशास्त्र शिकलेली नाही, घरातले सांगते. माझा नातू दुसरीत गेला, तेव्हा धडा असा घडाघडा म्हणे की मला धन्य वाटे. एके दिवशी मधल्याच ओळीवर बोट ठेवून म्हटले, "एवढेच वाच रे." स्वारी गप्प! धडा सारा पाठ होता, वाचता एक शब्द येत नव्हता. मी रागाने नको ते बोलले. तेव्हापासून तो दप्तर पलंगाखाली लपवू लागला. चूक माझी होती, हे कळायला महिना गेला.

मग त्याच्या बाईंना भेटले. त्या म्हणाल्या, "आजी, 'क' ते 'ज्ञ' घोकून घेऊ नका. वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांचा आहे. कंठातून निघून ओठांपर्यंत येणारा. वाचायला शिकताना तो उपयोगी पडेलच असे नाही." त्यांनी क, म, ळ, घ, र, ब, द एवढीच अक्षरे दिली. त्यांतून कमळ झाले, घर झाले, बदक झाले, आणि 'घर बघ' हे आख्खे वाक्य! ते वाचले तेव्हा पोर घरभर नाचले.

पुढे कान्याने त्रास दिला नाही, पहिल्या वेलांटीने दिला. 'दिवा' शब्दात डोळ्याला आधी वेलांटी दिसते, जिभेला मात्र आधी 'द' म्हणावा लागतो. आपल्याला सवयीने हे जाणवतही नाही. तसेच 'घ' आणि 'ध'चे. मुलाला मठ्ठ म्हणण्याआधी अक्षर नीट पाहावे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली, तेव्हा शंखशिंपले, खडे, पाने हीच साधने केली. आपल्याकडे डबे आहेत. मी डब्यांवर गूळ, रवा, डाळ अशा चिठ्ठ्या लावल्या. त्याने एकदा रव्याऐवजी मीठ आणून दिले. शिरा फुकट गेला, पण मी हसले. रात्री पंधरा मिनिटे गोष्ट वाचते, शब्दांखाली बोट फिरवते आणि ऐन रंगात आली की थांबते. पुढचे तो वाचतो. अडला तरी ओळ संपेपर्यंत मी टोकत नाही. हे मात्र मला अजून जड जाते.

आता एक गाऱ्हाणे. मंडळाच्या कपाटात गोष्टींची पुस्तके आहेत, आणि कपाटाला कुलूप आहे. किल्ली कोणाकडे, ते चिटणीसबाई जाणतात. येत्या शनिवारी दुपारी मी ओट्यावर सतरंजी घालून बसणार आहे. शेजारची मुले पाठवा, आणि किल्लीही.