किनारा रिकामा, मनोरा जागा



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'इंटरनेट आणि पर्यावरण' असं छापलंय. ते वाचून मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "इंटरनेटाक धूर येता काय गो?" येतो. निदान डिझेलचा तरी येतोच.

मी मोबाईल नेटवर्कची वीज वाचवणारं सॉफ्टवेअर लिहिते, तेव्हा तेवढ्यापुरतंच आणि आपल्या किनाऱ्यापुरतंच बोलते. मोबाईल नेटवर्कची बहुतेक वीज मनोऱ्यांवरच्या बेस स्टेशनांत जाते. कोणीही बोलत नसलं तरी बेस स्टेशन "मी इथे आहे" असा संकेत सतत पाठवत राहतं आणि त्याचा ॲम्प्लिफायर वीज खात राहतो. डिसेंबरात इथे तारकर्लीत पाय ठेवायला जागा नसते, जो तो स्कूबाचे व्हिडिओ पाठवत असतो. जुलैत वॉटर स्पोर्ट्स बंद, किनारा ओस. मनोऱ्याचं बिल मात्र त्या मानाने उतरत नाही.

वीज गेली की आधी बॅटरी, मग जनरेटर. एक लिटर डिझेल जाळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दूरसंचार विभागाने जानेवारी 2012 मध्ये कंपन्यांना उद्दिष्ट दिलं होतं: 2020 पर्यंत ग्रामीण भागातले 75 टक्के आणि शहरांतले 33 टक्के मनोरे अपारंपरिक ऊर्जेची जोड देऊन चालवा. सौर पॅनेल चांगलीच, पण आपला जुलै तुम्हाला माहीत आहे. माझं मत असं, की आधी मनोऱ्याची भूक कमी करा, मग पॅनेल लावा.

भूक कमी कशी करायची? 900 मेगाहर्ट्झसारखा खालचा बँड लांबवर पोचतो; 2300 सारखे वरचे बँड मुख्यतः गर्दी उचलतात. गर्दी नसेल तेव्हा वरच्यांना झोपवायचं, खालचा जागा ठेवायचा. रात्री दोन वाजता किंवा सबंध आषाढात कोणाला फरकही कळत नाही.

"वीज वाचवायला जाल आणि वादळात फोन लागणार नाही," ही भीती मी कामावरही ऐकते आणि ती खोटी नाही. मे 2021 मध्ये तौक्ते आलं तेव्हा वीज गेली, रेंज गेली. मुंबईहून देवबागला, मालवणला फोन लावत बसलेले या मांडवात कितीतरी आहेत. पण हिशोब उलटा आहे. वीज गेल्यावर वरचे बँड बंद केले की तीच बॅटरी जास्त तास पुरते, म्हणजे "आम्ही बरे आहोत" एवढा फोन तरी लागतो. रस्त्यावर माड आडवे पडल्यावर डिझेलचा कॅन मनोऱ्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून वादळाचा इशारा आला की बॅटरी भरून ठेवणं आणि वीज जाताच आपोआप काटकसर सुरू होणं, या दोन गोष्टी किनाऱ्यावरच्या प्रत्येक मनोऱ्यात असाव्यात असा माझा आग्रह असतो. बैठकीत त्यावरून वाद होतात, होऊ देत.

आपल्यातले होमस्टेवाले विचारतील, आम्ही काय करायचं? पावसाळ्यात खोल्या बंद असतील तर तिथले राउटरही बंद ठेवा. त्याने मनोऱ्याचं डिझेल वाचणार नाही, तुमचं बिल मात्र थोडं कमी येईल.