हजेरीपटावरील गाळलेली नावे

निजामी अमदानीतील शाळासोबती ताडकळसास एकत्र जमले, म्हणजे उर्दूतून घोकलेल्या धड्यांची आठवण प्रथम निघावयाची, मग राजकारणाची. गाव जागचे हलले नाही. तरी १९४८ साली ते भारतात, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आले, ही वार्ता नातवंडांस चमत्कारिकच वाटणार! परंतु या थट्टेत एक गोष्ट राहून जाते. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ गाण्याचा आग्रह धरणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याच संस्थानातील उस्मानिया विद्यापीठाने काढून टाकले. नागपूर विद्यापीठाने त्यांस आसरा दिला. स्नेहमेळाव्यात उत्तीर्णांची यादी वाचली जाते. ज्यांची नावे हजेरीपटावरून खोडली गेली, त्यांच्यासाठीही कोणी तरी ‘हजर’ म्हणावयास हवे.